अर्ध्या गुणाची बाजू

नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले आणि पारंपरिक वेळेचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं. निकाल लागला तो जलद डावांत, आणि ते कार्लसननं ३-० असे सहज घेतले. तेव्हापासून एक तक्रार जोर धरून आहे. दर मोठ्या स्पर्धेला ती नव्यानं वर येते. बुद्धिबळ बरोबरीनं पोखरलं आहे, दोन अव्वल खेळाडू सहा-सहा तास बसतात आणि काही ठरतच नाही, मग लोकांनी बघायचं कशाला? तक्रारीच्या मागोमाग औषधंही येतात. विजयाला तीन गुण द्या आणि बरोबरीला एक. बरोबरी झाली की त्याच संध्याकाळी दहा मिनिटांचा डाव लावून कुणाला तरी जिंकवा. बरोबरीला गुणच देऊ नका, असं म्हणणारेही आहेत.

ही ओरड करणारे नुसते बघे असते तर सोडून देता आलं असतं. पण त्यांत संयोजक आहेत, समालोचक आहेत, काही नावाजलेले खेळाडूही आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून स्पर्धांचे नियम बदलतात. म्हणून उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की तोडीस तोड असलेले दोघे जीव तोडून खेळले आणि डाव बरोबरीत सुटला, तर तो निकाल लागलेला आहे, पुरता लागलेला आहे. त्याला अर्धवट समजून दुरुस्त करायला जाणं म्हणजे खेळाला खोटं बोलायला लावणं.

‘काहीच झालं नाही’ हे वाक्य ज्या लढतीवरून रूढ झालं, तिच्यातच आधी डोकावू. लंडनचा पहिला डाव. कारुआना पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. कार्लसननं सिसिलियन बचाव घेतला आणि हळूहळू डाव आपल्या बाजूला ओढला. चाळिसाव्या चालीच्या आधी कारुआनाकडे वेळ इतका कमी उरला होता, की प्रत्येक चाल सेकंदांवर होती. कार्लसनची स्थिती त्या वेळी जिंकण्याजोगी होती. चौतिसाव्या चालीला वजीर पटाच्या मध्यावर आणला असता तर बहुधा तिथेच संपलं असतं. तो आणला नाही. पुढे हत्तींचा अंतिम टप्पा आला, कार्लसनकडे एक प्यादं जास्त, आणि तो तेवढ्यावर तासन् तास दाबत राहिला. एकशे पंधरा चाली, जवळजवळ सात तास. कारुआनानं एकही दार उघडं सोडलं नाही. कागदावर लिहिलं गेलं अर्धा-अर्धा गुण. या सात तासांत काय झालं नाही ते मला कुणी सांगावं.

सहावा डाव तर त्याहून विलक्षण. या वेळी कारुआना काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि प्याद्यांच्या बदल्यात त्याच्याकडे एक मोहरा जास्त होता. कार्लसननं तट उभारला होता. डाव चालू असताना नॉर्वेतला एक महासंगणक तो तपासत होता, आणि त्यानं दाखवलं की अडुसष्टाव्या चालीला काळ्याला सक्तीचा विजय होता. पण वाट कसली? उंट कडेला न्यायचा, आणि नंतर आपलाच घोडा शत्रूच्या पहिल्या रांगेत जी१ या घरात नेऊन स्वतःच्या हातानं कोंडून घ्यायचा. मग तिसाहून अधिक चालींनी कुठे मात. गॅरी कास्पारोव्हनं तेव्हाच म्हटलं होतं, की असं कुणी खेळलं असतं तर पंचांनी त्याची झडती घेतली असती, इतकी ती चाल माणसाच्या बुद्धीपलीकडची होती. जो विजय माणसाला दिसणंच शक्य नाही तो मिळाला नाही, म्हणून त्या डावाला निष्फळ म्हणायचं? ऐंशी चालींपर्यंत एक बुडता राजा तगून राहिला, हे त्या डावाचं फळ आहे.

आता त्या दोघांची ताकद बघा. त्या महिन्यात कार्लसनचं रेटिंग २८३५ होतं, कारुआनाचं २८३२. तीन गुणांचा फरक. रेटिंगची सगळी पद्धत ज्या गणितावर उभी आहे, ते सांगतं की समान रेटिंगच्या दोघांकडून प्रत्येक डावात अर्ध्या गुणाची अपेक्षा आहे. बरोबरी झाली तर दोघांचंही रेटिंग जागचं हलत नाही, कारण जे अपेक्षित होतं तेच झालेलं असतं. कार्लसन २०१८ ते २०२० या काळात पारंपरिक डावांत सलग १२५ डाव अपराजित राहिला. त्या १२५ पैकी ८३ बरोबरीत सुटले होते. त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूचे तीनातले दोन डाव बरोबरीत सुटतात याचा अर्थ तो झोपून खेळत होता असा कुणी काढेल का? समोरचेही कच्चे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्रांचंही तेच. अल्फाझीरो आणि स्टॉकफिश यांच्यात हजार डावांची लढत झाली. अल्फाझीरोनं १५५ जिंकले, सहा हरला, उरलेले ८३९ बरोबरीत सुटले. यंत्राला ना भीती, ना थकवा, ना बक्षिसाच्या रकमेची चिंता. तरीही. चुका जितक्या कमी होतात तितकी बरोबरी वाढते, हे या खेळाच्या रचनेतच आहे. विजयासाठी समोरच्याची चूक लागते. बरोबरी वाढली अशी तक्रार करणारे खरं म्हणजे खेळाडूंच्या चुका कमी झाल्या अशी तक्रार करत आहेत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

लक्षात येत नाही असं मी म्हणतो, कारण चूक झाली की हीच मंडळी उलट बाजूनं ओरडतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातली लढत आठवा. चौथ्या डावापासून दहाव्यापर्यंत सलग सात बरोबऱ्या झाल्या, तेव्हा लढत रटाळ आहे असा सूर होता. मग १२ डिसेंबरचा चौदावा, शेवटचा डाव. ६.५-६.५ अशी स्थिती. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. जाणकारांनी डाव मनातल्या मनात बरोबरीत घालून टाकला होता. गुकेशनं घातला नव्हता. तो नुसता खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणून मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलेला होता. हत्ती मारले गेले, काळा उंट डी५ वर आला, आणि उंटांची मारामारी टाळायला पांढऱ्याकडे जागाच उरली नाही. उरला तो राजा-प्याद्यांचा हरलेला शेवट. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. आणि दुसऱ्या दिवशी ऐकू काय आलं? जगज्जेतेपद एका घोडचुकीवर ठरलं, हा कसला दर्जा!

बरोबरी झाली तर कंटाळा, चूक होऊन निकाल लागला तर दर्जा नाही. मग या लोकांना हवं तरी काय? माझं म्हणणं तो चौदावा डावच सिद्ध करतो. बरोबरीची स्थिती आणि बरोबरी यांत अंतर असतं, आणि ते अंतर प्रत्येक चालीला चालून जावं लागतं. डिंग चोपन्न चाली ते चालला आणि पंचावन्नाव्याला घसरला. लंडनच्या पहिल्या डावात कारुआना एकशे पंधरा चाली चालला आणि घसरला नाही. डिंगच्या घसरण्याबद्दल आपण महिनोन्‌महिने बोलतो. कारुआनाच्या डावाला ‘काहीच झालं नाही’ म्हणतो.

बरोबरीविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून नेहमी मॉस्कोची १९८४-८५ ची लढत पुढे केली जाते. कार्पोव्ह विरुद्ध कास्पारोव्ह. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, डावांची संख्या अमर्याद. १० सप्टेंबरला सुरू झालेली ती लढत १५ फेब्रुवारीला जागतिक संघटनेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी थांबवली, तोवर ४८ डाव झाले होते आणि त्यांतले ४० बरोबरीत होते. चाळीस! आकडा ऐकूनच माणूस हात टेकतो. पण या आकड्याच्या आत शिरलं तर दिसतं ते वेगळंच. नऊ डावांनंतर कार्पोव्ह ४-० ने पुढे होता. कास्पारोव्ह एकवीस वर्षांचा, अंगात आग, आणि ती आग त्यालाच जाळत होती. आणखी दोन पराभव आणि खेळ खल्लास. तिथून त्यानं आपली चाल बदलली. सलग सतरा डाव त्यानं बरोबरीत राखले. सत्ताविसावा हरला, ५-०. आता कार्पोव्हला एकच विजय हवा होता, फक्त एक. तो त्याला पुढच्या एकवीस डावांत मिळाला नाही. बत्तिसावा कास्पारोव्ह जिंकला, मग पुन्हा बरोबऱ्यांची रांग, आणि शेवटचे दोन, सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा, कास्पारोव्हचे. लढत थांबली तेव्हा ५-३.

त्या चाळीस बरोबऱ्या काढून टाका, म्हणजे कास्पारोव्ह उरत नाही. डिसेंबरच्या आतच तो ६-० नं हरून परत गेला असता. जगातल्या सर्वांत चिवट खेळाडूसमोर रोज बसून, रोज न हरता उठून तो बचाव शिकला, आणि १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये १३-११ अशी नवी लढत जिंकून जगज्जेता झाला. आक्रमक खेळाचा म्हणून आपण ज्याला डोक्यावर घेतो, तो माणूस बरोबरीच्या शाळेत घडला. ती लढत थांबवण्याचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटतं. अमर्याद डावांचा नियमही शहाणपणाचा नव्हता. पण दोष नियमाचा, डावांचा नव्हे.

बुद्धिबळ बरोबरीनं मरणार, हे भाकीतही नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी कापाब्लांकाला तीच भीती होती. पट मोठा करावा, दोन नवी मोहरी घालावीत, असं त्यानं सुचवलं होतं. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला अलेखिनशी त्याची लढत झाली. ३४ डाव, त्यांतले २५ बरोबरीत. कापाब्लांका अजिंक्य समजला जात होता आणि तो ती हरला. खेळ संपला, असं त्या पंचवीस बरोबऱ्यांवरून कुणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं; ताल, फिशर, कास्पारोव्ह हे सगळे त्या भाकितानंतरचे आहेत.

आणि सौंदर्याचं काय? बरोबरीत सौंदर्य नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरातला पट काढावा आणि एवढंच मांडावं. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. खेळी पांढऱ्याची. रिचर्ड रेटीनं १९२१ मध्ये रचलेली ही स्थिती आहे. पहिल्या नजरेला पांढऱ्याचं सगळं गेलेलं दिसतं. काळं प्यादं पळायला लागलं की पांढऱ्या राजाला ते गाठता येत नाही, तो दोन पावलं मागे आहे. आणि आपलं प्यादं वाचवायला जावं तर तेही फार लांब, काळा राजा ते दोन चालींत खाणार. दोन्ही कामं अशक्य. तर राजा जी७ वर जातो, मग एफ६ वर. तिरका. सरळ प्याद्यामागे धावत नाही, आपल्या प्याद्याकडेही उघड जात नाही. एका पावलात दोन्ही दिशांना सरकतो. काळं प्यादं पुढे धावलं तर तो आपल्या प्याद्यापाशी पोचतो आणि दोघांचेही वजीर होतात. काळ्या राजानं प्याद्याकडे वेळ घालवला तर राजा ई५ वर येतो, तिथून एफ४, आणि काळं प्यादं त्याच्या चौकटीत सापडतं. दोन अशक्य गोष्टी एकाच वेळी करायला घेतल्या म्हणून दोन्हींपैकी एक होतेच. पटावर चार मोहरी. शतक उलटलं, पण ज्यानं ती पहिल्यांदा सोडवली त्याचा ऊर भरून आल्याशिवाय राहत नाही. आणि तिचं उत्तर आहे, बरोबरी.

प्रेक्षकांना बरोबरी कळत नाही हेही खरं नाही. जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगानं चाळीसहून अधिक षटकं उभे राहिले आणि सामना अनिर्णित ठेवला, तेव्हा आपण घराघरांत एकेक चेंडू श्वास रोखून पाहिला होता. विहारीच्या १६१ चेंडूंत २३ धावा. कुणी म्हटलं का, की या सामन्यात काही झालं नाही? लोकांना कळतं. त्यांना समजावून सांगणारा माणूस लागतो. समालोचकानं पडद्यावर यंत्राचा आकडा शून्याजवळ गेला की ‘बरोबरीच आहे’ म्हणून जांभई दिली, तर बघणारा उठून जाणारच.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो. न खेळता वाटून घेतलेली बरोबरी ही लबाडी आहे. १९६२ मध्ये कुरासावला आव्हानवीर ठरवण्याच्या स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर यांनी आपसातले बाराही डाव बरोबरीत सोडवले, बहुतेक वीसेक चालींतच, आणि दमखम इतरांसाठी राखून ठेवला. फिशरनं त्यावर जाहीर आरोप केले. त्याची भाषा जहाल होती, पण मुद्दा बरोबर होता, आणि त्यानंतर ती स्पर्धा साखळीऐवजी एकास एक लढतींची झाली. २०१३ मध्ये चेन्नईत आनंद आणि कार्लसन यांचा पहिला डाव सोळा चालींत संपला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचा हिरमोड झाला, आणि तो रास्त होता. लंडनच्या बाराव्या डावात कार्लसनची स्थिती चांगली, घड्याळात वेळ जास्त, आणि त्यानं एकतिसाव्या चालीला बरोबरी देऊ केली. मला ते आजही खटकतं.

पण त्यानं ती का दिली? कारण पुढे जलद डावांचा टायब्रेकर होता आणि त्यात आपण सरस आहोत हे त्याला ठाऊक होतं. बरोबरीवरचं औषध म्हणून आणलेल्या टायब्रेकरनंच ती बरोबरी घडवली. डाव पूर्ण खेळावा अशी इच्छा असेल तर त्यावर इलाज आहेत आणि ते बरोबरीला हात न लावता करता येतात. सोफियात २००५ मध्ये खेळाडूंनी आपसात बरोबरी बोलायचीच नाही असा नियम केला गेला. तो चालला. लंडनला तिसाव्या चालीआधी बरोबरी बोलायला बंदी होती, पुढे जगज्जेतेपदासाठी ती चाळीस चालींवर नेली. याचं मी मनापासून स्वागत करतो. आणखी एक करावं. लढत मोठी करावी. कास्पारोव्ह-कार्पोव्हच्या वेळी १९८५ पासून १९९० पर्यंत चोवीस डाव असायचे, आता चौदा आहेत, मध्ये बाराच होते. बारा डावांत एक पराभव भरून काढायला जागा राहत नाही, म्हणून दोघेही जपून खेळतात. डाव कमी करायचे आणि मग खेळाडू जपून खेळतात म्हणून त्यांना दोष द्यायचा, ही कुठली रीत?

उरलेली औषधं मात्र रोगापेक्षा वाईट आहेत. तीन-एक-शून्य घ्या. एक जिंकलेला आणि एक हरलेला खेळाडू तीन गुण घेतो, दोन्ही डाव न हरता राखलेला दोन. जो हरला तो पुढे. शिवाय दोन फेऱ्यांच्या स्पर्धेत संगनमतानं एकेक डाव एकमेकांना सोडला तर प्रत्येकी तीन, आणि दोन्ही प्रामाणिकपणे बरोबरीत खेळले तर प्रत्येकी दोन. लबाडी थांबवायला निघालेला नियम लबाडीला बक्षीस लावतो. आर्मागेडन, म्हणजे बरोबरीनंतर लावला जाणारा निर्णायक डाव, घ्या. नॉर्वेतल्या स्पर्धेत पांढऱ्याला दहा मिनिटं, काळ्याला सात, आणि त्या बदल्यात बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरतात. म्हणजे बरोबरी गेली कुठे? ती तिथेच आहे, फक्त तिला विजय म्हणायचं ठरलं आहे. आणि निकाल लागेपर्यंत पुन्हा खेळवायचं, हे तर १८८३ मध्ये लंडनला करून झालेलं आहे. तिथे पहिल्या दोन बरोबऱ्या धरतच नसत, डाव नव्यानं खेळावा लागे. ती पद्धत टिकली नाही.

कप एकालाच द्यायचा असेल तर टायब्रेकर लागतो, हे मला कळतं. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. पण एकोणीस वर्षांच्या मुलीनं हम्पीसारख्या जगज्जेतेपदासाठी खेळलेल्या खेळाडूसमोर पूर्ण वेळेचे दोन डाव न हरता काढले, हा पराक्रम त्या पेढ्यांच्या बातमीत एका ओळीपुरता उरला. तो पायाच नसता तर जलद डावांपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

या तक्रारीचा सर्वांत वाईट परिणाम जगज्जेत्यांवर होत नाही. तो आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या शालेय स्पर्धांत दिसतो. हॉलच्या दाराशी पालक उभे असतात. मूल बाहेर येतं, पहिला प्रश्न ‘जिंकलास?’ मूल म्हणतं, ‘बरोबरी.’ आणि आईबाबांचा चेहरा असा होतो, की पुढच्या वेळी तेच मूल राखता येणारी स्थिती सोडून भलतंच काहीतरी करून हरतं. एक प्यादं कमी असताना हत्तीच्या शेवटात पन्नास चाली तग धरलेल्या दहा वर्षांच्या पोराला हे ऐकावं लागणं मला अजिबात सहन होत नाही.

अशा पालकांना माझी एक विनंती आहे. मूल बरोबरी सांगत बाहेर आलं, तर त्याच्या हातातली स्कोअरशीट मागा, घरी पट मांडा आणि तो डाव त्याच्याकडून चालीगणिक समजून घ्या. बिघडलेली स्थिती त्यानं कुठे सावरली, ते त्याला विचारा.